उंडीचा वृक्ष : पेडणे-डिचोलीच्या भूमीत



शताब्दी साजरी करणाऱ्या ग्रंथालयाच्या व्यासपीठावर एका झाडाच्या लागवडीचा विषय यावा, याचे काही श्रोत्यांना नवल वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ग्रंथालय केवळ पुस्तके जपत नाही, ते नावे जपते. ज्या वस्तूचे नाव लोकांच्या तोंडून गेले, ती वस्तू डोळ्यांसमोर असूनही दिसेनाशी होते. गोमंतकाच्या किनाऱ्यावरील एका वृक्षाची आज अशीच अवस्था होऊ घातली आहे. तो वृक्ष म्हणजे उंडी. एके काळी घराघरांतल्या दिव्याला तेल पुरविणारे आणि होडीला लाकूड देणारे हे झाड आज नव्या पिढीतील अनेकांना नावानेही ठाऊक नाही. त्याच वेळी बागकामाच्या जगात मात्र समुद्रकाठच्या शोभिवंत वृक्षांमध्ये त्याची गणना अगत्याने होते. सिंगापूरसारख्या शहरात ते रस्त्यांच्या कडेला आणि उद्यानांत हौसेने लावले जाते. जे झाड बाहेरच्या जगाने अलंकार म्हणून स्वीकारले, ते त्याच्या स्वतःच्या किनाऱ्यावर परके व्हावे, हा विचार करण्याजोगा प्रकार आहे.

प्रथम या वृक्षाची ओळख करून घेणे अगत्याचे आहे. उंडी हा सदाहरित, मध्यम ते मोठ्या आकाराचा वृक्ष. साधारणपणे आठ ते वीस मीटर उंच वाढणारा, घनदाट पर्णसंभाराचा आणि ऐसपैस पसरणारा. समुद्रावर त्याचे खोड बहुधा सरळ उभे राहत नाही. ते पाण्याच्या दिशेने कलते आणि खालच्या फांद्या कधी कधी वाळूला टेकतात. पाने समोरासमोर, दहा ते वीस सेंटीमीटर लांब, जाड आणि चकचकीत. पान उन्हासमोर धरले असता मधल्या शिरेपासून कडेपर्यंत अगदी जवळजवळ, एकमेकींना समांतर गेलेल्या असंख्य बारीक शिरा दिसतात. एवढ्या एका खुणेवरून उंडी ओळखता येते. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस याने १७५३ साली या वृक्षाला ‘कॅलोफायलम इनोफायलम’ असे शास्त्रीय नाव दिले. त्यातील पहिल्या शब्दाचा अर्थ ‘सुंदर पानांचा’ असा, तर दुसरा शब्द पानावरील तंतूंसारख्या शिरांकडे निर्देश करणारा आहे.

फुले पांढरी शुभ्र, मधोमध पिवळ्याधमक पुंकेसरांचा झुबका असलेली आणि मंद, गोड सुगंधाची. मधमाश्यांची त्यांवर गर्दी असते. मुख्य बहर हिवाळ्यात येतो; काही झाडे वर्षातून दोनदा फुलतात. फळ गोल, अडीच ते चार सेंटीमीटर व्यासाचे, आधी हिरवे, पिकल्यावर पिवळट आणि वाळल्यावर तपकिरी, सुरकुतलेले. वरचा पातळ गर वटवाघळे खातात आणि बी दूर नेऊन टाकतात. आतले कवच कठीण पण हलके असल्यामुळे फळ समुद्रात तरंगते. पूर्व आफ्रिकेपासून पॅसिफिक महासागरातील बेटांपर्यंत हा वृक्ष जो पसरला, तो काही अंशी असा लाटांच्या पाठीवरून आणि काही अंशी दर्यावर्दी माणसांच्या हातून. हवाई बेटांवर पॉलिनेशियन लोकांनी तो आपल्या नौकांतून नेला, देवस्थानांजवळ लावला आणि त्याच्या लाकडाची भांडी कोरली. तेथे त्याला ‘कमानी’ म्हणतात, ताहिती बेटावर ‘तमानू’.

भारतीय परंपरेत या वृक्षाला ‘पुन्नाग’ असे संस्कृत नाव आहे. हिंदीत तो ‘सुलतान चंपा’, कानडीत ‘होन्ने’, मल्याळीत ‘पुन्ना’, तमिळमध्ये ‘पुन्नै’. केरळात कोचीन येथे डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड याने तयार करविलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा वनस्पतिग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला. त्यात या वृक्षाचे चित्र आणि वर्णन आहे, आणि पुढे लिनियसने या ग्रंथाचा आधार घेतला. गोमंतकीयांना विशेष वाटावे असे की, या ग्रंथाच्या सिद्धतेत रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी वैद्यांचा मोठा वाटा होता. त्यांनी नागरी लिपीत लिहिलेले प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. तेव्हा किनाऱ्यावरील वृक्षवेलींचे ज्ञान जागतिक ग्रंथांत गेले, ते याच भूमीशी नाते सांगणाऱ्या माणसांच्या मुखातून, हे लक्षात ठेवावयास हवे.

उंडीचे कूळही घरचेच. सुरंगी आणि नागचाफा ही तिची निकटची भावंडे, आणि आमसुलांचे रातांबीचे झाड हे थोडे दूरचे. या नात्याकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. सुरंगीच्या फुलांचे वळेसर आजही पेडण्यात आणि शेजारच्या सिंधुदुर्गात केसांत माळले जातात, बाजारात विकले जातात. म्हणून सुरंगीच्या झाडाला मान आहे. रातांब्याचे आमसूल रोजच्या स्वयंपाकात आहे. म्हणून ते झाड परसात टिकले. उंडीचा संसाराशी असलेला संबंध तेलाचा होता. बीमधल्या वाळलेल्या गरात निम्म्याहून अधिक वजन तेलाचे असते. हे तेल दाट, हिरवट, कडवट वासाचे. ते खाण्याचे नव्हे. पण दिव्यात जाळण्यासाठी, होडीच्या फळ्यांना चोपडण्यासाठी आणि त्वचेच्या विकारांवर लावण्यासाठी त्याचा उपयोग होई. रॉकेल आले, मागाहून वीज आली, होड्या तंतुकाचेच्या झाल्या. आणि उंडीच्या तेलाचे काम संपले. काम संपलेल्या झाडाची चौकशी कोणी करीत नाही. त्याचा पालापाचोळा तेवढा डोळ्यांत येतो, फळे पायाखाली येतात म्हणून तक्रार होते, आणि एके दिवशी कुऱ्हाड पडते.

येथे प्रश्न असा उभा राहतो की, उपयुक्ततेचा आधार सुटलेल्या वृक्षाने टिकावे कशाच्या बळावर? त्याचे एक उत्तर शोभा हे आहे. परंतु शोभा हा शब्द फार हलक्या अर्थाने वापरला जातो. फाटकाजवळ दोन परदेशी ताडमाड उभे करणे म्हणजे शोभा नव्हे. ज्या जागी जे झाड वाऱ्याला, मातीला आणि पाण्याला मानवते, त्या जागी ते लावले असता परिसराला जे रूप येते, ती खरी शोभा. या कसोटीवर पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांकडे पाहणे उद्बोधक ठरेल; कारण दोन्हीकडे गेल्या काही दशकांत झाडे लावली गेली आहेत, आणि दोन्हीकडे घाईची झाडे लावली गेली आहेत.

पेडणे तालुका उत्तरेला तेरेखोल आणि दक्षिणेला शापोरा या दोन नद्यांच्या मध्ये वसलेला. पश्चिमेला केरी, हरमल, मांद्रे, मोरजी अशी किनाऱ्यावरील गावांची माळ. या पट्ट्यात वाळू रोखण्यासाठी आणि वाऱ्याला आडोसा म्हणून सुरूची लागवड मोठ्या प्रमाणावर झाली. सुरू हा भारताच्या पश्चिम किनाऱ्याचा मूळ रहिवासी नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारवारच्या बाजूला जळणासाठी त्याची लागवड सुरू झाली आणि तेथून तो किनाऱ्याकिनाऱ्याने पसरला. त्याचा गुण असा की, तो भराभर वाढतो, नापीक वाळूतही तग धरतो आणि काही वर्षांतच हिरवी भिंत उभी करतो. दोष असा की, त्याच्या सुयांसारख्या पाचोळ्याच्या जाड थराखाली दुसरे काही सहसा उगवत नाही. वाळूचे ढिगारे धरून ठेवणारी मर्यादवेल, गवते, केवडा यांना तेथे थारा उरत नाही. ही बारीकसारीक वनस्पती नाहीशी झाली की वाळूची पकड सुटते. केरीच्या किनाऱ्यावर पावसाळी लाटांनी सुरूची झाडे मुळासकट आडवी केलेली अनेकांनी पाहिली आहेत. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर पूर्व किनाऱ्यावर सुरूच्या नव्या बनांना जोर आला, तेव्हाही समुद्रकासवांच्या अभ्यासकांनी हीच हरकत घेतली होती.

कासवांचा हा उल्लेख मोरजी-मांद्रेच्या संदर्भात अप्रस्तुत नाही. ऑलिव्ह रिडले जातीची कासवे हिवाळ्यात या किनाऱ्यावर येऊन वाळूत अंडी घालतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्यांना संरक्षण आहे, आणि गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून वनखाते आणि स्थानिक ग्रामस्थ मोरजी येथे घरट्यांची राखण करीत आले आहेत. अंड्यांतून बाहेर पडलेली पिले उजेडाच्या दिशेने धावतात. पूर्वी रात्री सर्वांत उजळ दिशा समुद्राची असे. आता उपाहारगृहांचे आणि रस्त्यांचे दिवे मागच्या बाजूला झगमगतात आणि पिले उलट्या वाटेला लागतात. अशा ठिकाणी किनाऱ्याच्या मागच्या अंगाला खालपर्यंत फांद्या असलेल्या, गर्द पानांच्या सदाहरित झाडांची रांग असेल तर ती दिव्यांचा उजेड पुष्कळसा अडवते. उंडी ही नेमकी अशी आहे. विरळ सुयांचा सुरू हे काम तिच्याइतके करू शकत नाही.

मात्र येथेही तारतम्य हवे. उंडीसुद्धा भरतीच्या रेषेला चिकटवून लावणे चुकीचे ठरेल. घरट्यांच्या वाळूवर दाट सावली पडली तर वाळूचे तापमान उतरते, आणि कासवाच्या पिलांचे नर किंवा मादी होणे वाळूच्या तापमानावरच अवलंबून असते. म्हणून क्रम असा असावा : लाटांच्या बाजूला मोकळी वाळू, तिच्यामागे मर्यादवेल आणि वाळूतली गवते, जी लावण्याची नव्हे, केवळ तुडवू न देण्याची गरज असते, त्यांच्यामागे केवडा आणि निर्गुडी, आणि त्याही मागे, वाळू स्थिरावून मातीला लागते तेथे, उंडी, भेंड आणि करंज. त्यानंतर माडांची भाटे आणि घरे. हा क्रम कोणा उद्यानशास्त्रज्ञाने कागदावर आखलेला नाही; मोकळ्या सोडलेल्या किनाऱ्यावर निसर्गच तो आखतो. किनारी नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ साली निघाली आणि भरतीरेषेपासूनच्या बांधकामावर बंधने आली. कागदावरच्या त्या पट्ट्याला जमिनीवर रूप द्यावयाचे असेल, तर भिंतींपेक्षा झाडांची रांग अधिक टिकाऊ आणि अधिक देखणी आहे.

डिचोलीची गोष्ट वेगळी. हा तालुका समुद्राला लागून नाही. तरीही मांडवीच्या भरतीचे पाणी त्याच्या सीमेवर खेळते. नार्व्याचा काठ, मयेचा तलाव, डिचोली आणि वाळवंटी या नद्यांची खोरी अशी पाण्याची विपुलता येथे आहे. नार्वे येथे छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली श्री सप्तकोटेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. समोर दिवाडी बेट, मध्ये नदी, आणि काठाला खाजन शेती. असे नदीकाठ समुद्रसपाटीच्या आसपासचे असल्यामुळे उंडीला मानवतात. खाऱ्या वाऱ्याची तिला सवय आहे, पण गरज नाही. समुद्रापासून आत, दोनशे मीटर उंचीपर्यंतच्या प्रदेशात ती चांगली वाढते.

परंतु डिचोलीचे नाव काढले की डोळ्यांपुढे येतात ते खाणींचे डोंगर. एक टन लोहखनिज काढण्यासाठी सुमारे दोन ते तीन टन माती आणि दगड उपसून बाजूला टाकावे लागत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या टाकाऊ मातीचे ढीग गावांच्या माथ्यावर उभे राहिले. पावसात ती तांबडी माती शेतांत आणि ओहोळांत उतरू लागली, तेव्हा ढिगांवर झाडे लावण्याचा उपाय योजण्यात आला, आणि त्यासाठी मुख्यतः ऑस्ट्रेलियन अकेशियाची निवड झाली. ते झाड मुळांवरच्या गाठींतील जिवाणूंच्या साहाय्याने हवेतील नत्र घेते, निकस मातीत उभे राहते आणि दोन-तीन वर्षांत उघडा डोंगर हिरवा दिसू लागतो. ज्या मातीत गवतसुद्धा उगवत नव्हते, तेथे त्याने माती धरली, हे नाकारण्याचे कारण नाही. अडचण एवढीच की, पहिली पायरी म्हणून लावलेले झाड शेवटची पायरी होऊन बसले. दुरून हिरव्या दिसणाऱ्या त्या बनात ना फळ, ना गुरांना चारा, ना पाखरांची वर्दळ. २०१२ साली खाणी थांबल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या, आणि २०२२ च्या अखेरीपासून नव्या लिलावांचे पर्व सुरू झाले. या सगळ्या उलथापालथीत ढिगांवरची हिरवाई तशीच राहिली आणि तिलाच वनीकरण म्हणण्याची सवय जडली.

उंडी हे या ढिगांवरचे औषध आहे काय? तसे म्हणणे म्हणजे एका घाईऐवजी दुसरी घाई करणे होय. ढिगाच्या माथ्यावर माती नाही, ओल नाही. तेथे उंडी खुरटेल. जेथे अकेशियाच्या पाचोळ्याने थोडी माती तयार झाली आहे, तेथेही पायथ्याच्या ओलसर भागात काजू, करंज, किंदळ अशा झाडांना पहिला मान द्यावा लागेल. डिचोलीत उंडीची जागा आहे ती नद्यांच्या काठी, तळ्यांच्या पाळीवर, देवळांच्या प्रशस्त आवारात आणि गावात शिरणाऱ्या रुंद रस्त्यांच्या कडेला. खाजनाच्या बांधावर मात्र ती लावू नये. मोठ्या वृक्षाच्या मुळांनी आणि वाऱ्यात हलणाऱ्या खोडाने मातीचा बांध सैल होण्याचे भय असते. झाड चांगले असणे आणि जागा योग्य असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. लागवडीचे अपयश पुष्कळदा या दोहोंच्या घोटाळ्यातून येते.

आता प्रत्यक्ष लागवडीविषयी. उंडी बियांपासून सहज येते, फक्त धीर हवा. झाडाखाली पडलेली, पिवळसर किंवा तपकिरी झालेली निरोगी फळे गोळा करावीत. पाण्यात बुडवून ताजी-शिळी पारखण्याची नेहमीची रीत येथे उपयोगाची नाही, कारण उंडीचे चांगले फळही तरंगते. वरचा गर काढून आतली गोटी धुऊन घ्यावी. ती तशीच मातीत लावली तर कोंब येण्यास फार काळ लागतो. हवाई बेटांवरील नोंदींत सरासरी अशी दिली आहे : कवच तसेच ठेवल्यास ५७ दिवस, कवचाला चीर दिल्यास ३८ दिवस आणि कवच पूर्ण काढल्यास २२ दिवस. कवच फोडताना आतल्या बीला इजा होऊ नये म्हणून हातोडीचा घाव बेताने घालावा. बी खाण्याजोगे नाही, ते विषारी आहे, आणि झाडाचा चीक डोळ्यांत गेल्यास दाह होतो. म्हणून हे काम मुलांकडून करून घेऊ नये.

वाळू, माती आणि चांगले कुजलेले शेणखत समप्रमाणात घेऊन उंच पिशव्या भराव्यात, कारण रोपाचे सोटमूळ लांब जाते आणि आखूड पिशवीत ते वळते. वळलेल्या मुळाचे झाड पुढे वादळात उभे राहत नाही. बी एक ते दीड इंच खोल लावून पिशव्या अर्ध्या सावलीत ठेवाव्यात. हिवाळ्यात गोळा केलेल्या बियांची रोपे पुढच्या पावसाळ्याच्या आरंभी वीतभर ते हातभर होतात. ती मृगाच्या पावसात लावता येतील. पण आणखी एक वर्ष पिशवीत सांभाळून दुसऱ्या वर्षी लावलेली रोपे गुरांच्या आणि तणांच्या तडाख्यातून अधिक प्रमाणात वाचतात.

खड्डा वाळूमिश्रित जमिनीत दोन फूट लांब, रुंद आणि खोल पुरतो. जांभ्याच्या जमिनीत तो तीन फुटांचा असावा आणि बाहेरची माती आणून भरावी. नाहीतर मूळ दगडाशी अडून झाड कुंडीत वाढल्यासारखे राहते. दोन झाडांत आठ ते दहा मीटर अंतर ठेवावे. वाऱ्याच्या आडोशासाठी रांग धरावयाची असेल तर ते निम्म्यावर आणले तरी चालेल. घराच्या भिंतीपासून किमान सहा मीटर दूर राहावे, कारण या झाडाची शोभा त्याच्या पसाऱ्यात आहे. छाटून उभट केलेली उंडी म्हणजे पंख कापलेला मोर. फरशी घातलेल्या अंगणात किंवा वाहने उभी राहण्याच्या जागी ती लावू नये. गोल, कठीण फळे पायाखाली येऊन माणसे घसरतात, मग दोष झाडावर येतो. तिच्याखाली माती किंवा गवत असावे आणि पाचोळा जाळण्याऐवजी बुंध्याभोवती पसरू द्यावा.

पहिले दोन उन्हाळे पाणी देणे अपरिहार्य आहे. आठवड्यातून दोनदा, पण भरपूर. समुद्रासमोरच्या रोपांना पश्चिमेच्या बाजूने माडाच्या झावळ्यांचा आडोसा करावा. भोवतालचे तण काढत राहावे, कारण कोवळ्या उंडीला तणांची दाटी सोसत नाही. तिसऱ्या वर्षानंतर ती आपली काळजी आपण घेते. वाढ मात्र मंद. सुरूची उंची पाहून ज्याने उंडी लावली, तो निराश होईल. चांगल्या जागी आरंभी वर्षाला फार तर मीटरभर, पुढे त्याहून कमी. फुले पाहण्यासाठी काही वर्षे थांबावे लागते, आणि ऐन भरातले झाड पाहण्यासाठी बहुधा पुढची पिढीच यावी लागते.

ही संथ वाढच उंडीच्या मुळावर आली आहे. सरकारी वनीकरणाचे उद्दिष्ट वर्षाच्या अखेरीस मोजले जाते, हॉटेलच्या बागेला पहिल्या हंगामातच सावली हवी असते, आणि बिनकामाच्या झाडासाठी पाणी घालणारा माणूस घरात उरलेला नसतो. उपयोगाचे म्हणावे तर तोही अगदीच संपलेला नाही. एक पूर्ण वाढलेले झाड वर्षाला सुमारे शंभर किलो फळे आणि त्यांतून अठरा किलोपर्यंत तेल देऊ शकते, असे सांगितले जाते. ‘तमानू तेल’ या नावाने तेच तेल आज परदेशांत सौंदर्यप्रसाधन म्हणून लहानशा कुप्यांतून चढ्या दराने विकले जाते. वाहनांच्या इंधनासाठीही त्याचे प्रयोग झाले आहेत. तथापि केवळ अशा आशेवर वृक्ष लावणे शहाणपणाचे नाही. बाजार ज्या झाडाला उचलतो, त्याला तो टाकूनही देतो. दिव्याच्या तेलाचा इतिहास हेच सांगतो.

कायद्याचा आधार आहे. १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे गोमंतकात परवानगीवाचून झाड तोडता येत नाही, आणि तोडलेल्याच्या बदली नवे लावण्याची अट घालता येते. परंतु बदली झाड कोणते, हे ठरविताना बहुधा रोपवाटिकेत जे आयते मिळेल तेच लावले जाते. उंडीची रोपे मागितलीच गेली नाहीत तर ती रोपवाटिकेत तयार होणार नाहीत, आणि रोपवाटिकेत नाहीत म्हणून ती मागितली जाणार नाहीत. हे चक्र कोठेतरी तोडावे लागेल, आणि ते तोडण्यास शासनापेक्षा गावातील एखादी जुनी, विश्वासाची संस्था अधिक समर्थ असते.

अशी संस्था म्हणजे ग्रंथालय. त्याने वृक्षारोपणाचा समारंभ करावा, असे येथे सुचवावयाचे नाही. खड्डे दरवर्षी तेच आणि छायाचित्रेही तीच असतात. ग्रंथालयाने त्याच्या स्वभावाला साजेल असे एक काम हाती घ्यावे : नोंदवही. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील प्रत्येक गावात, प्रत्येक वाड्यावर जुनी उंडी कोठे उभी आहे, ती कोणाच्या भाटात, देवळाच्या की कोमुनिदादीच्या जमिनीत आहे, बुंध्याचा घेर किती, बहर कोणत्या महिन्यात येतो, तेल काढण्याची आठवण असलेले वडीलधारे माणूस त्या वाड्यावर आहे काय, त्या झाडाला स्थानिक बोलीत काय म्हणतात, एवढीच माहिती सभासदांनी गोळा करावी. शाळेतील मुलांना सोबत घ्यावे. दरवर्षी त्या झाडांखालची फळे वेचून शे-दोनशे रोपे तयार करावीत आणि ती पुस्तकांप्रमाणेच नोंद करून द्यावीत : नाव, तारीख, जागा. तीन वर्षांनी जाऊन पाहावे, रोप जगले की नाही. पुस्तक परत आले नाही तर ग्रंथपाल विचारणा करतो. रोपाच्या बाबतीतही तशी विचारणा करणारे कोणीतरी असले पाहिजे. गोमंतकात लावलेल्या झाडांची संख्या कमी नाही. विचारपूस झालेल्या झाडांची संख्या कमी आहे.

या नोंदवहीचा लाभ केवळ उंडीला होईल असे नव्हे. ज्या गावकऱ्याला आपल्या वाड्यावरची जुनी झाडे नावानिशी ठाऊक आहेत, तो आराखड्यावर सही करण्यापूर्वी नकाशा उलगडून पाहतो. किनाऱ्यावरची जमीन विकताना किंवा डोंगर कापताना नेमके काय जाणार आहे, हे त्याला कळते. पेडणे आणि डिचोली हे दोन्ही तालुके आज वेगाने बदलत आहेत. एकीकडे पर्यटन, नवा विमानतळ आणि त्यामागोमाग येणारे रस्ते, दुसरीकडे खाणींचा नवा अध्याय. या बदलांना अडविणे कोणा एका संस्थेच्या हाती नाही. पण जे होते त्याची नोंद ठेवणे, आणि जे परत लावता येण्यासारखे आहे त्याचे बी राखणे, हे नक्कीच हाती आहे.

शंभर वर्षांपूर्वी ज्या गृहस्थांनी वर्गणी काढून हे ग्रंथालय उभे केले, त्यांच्यापैकी कोणीही त्याची शताब्दी पाहण्याच्या अपेक्षेने वर्गणी दिली नव्हती. उंडी लावणाऱ्यालाही तसाच हिशेब मांडावा लागेल. येत्या हिवाळ्यात मोरजीच्या किंवा नार्व्याच्या काठी एखाद्या जुन्या झाडाखाली फळे पडलेली आढळली, तर सभासदांनी ती तुडवून पुढे न जाता ओंजळभर वेचून ग्रंथालयात आणून द्यावीत. नोंदवहीचे पहिले पान तेवढ्यानेही सुरू होऊ शकेल.